हात आणि हिशेब

नेतृत्व हा शब्द कानी पडताच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे रणांगण, राजदरबार किंवा जाहीर सभा उभी राहते. घोड्यावर बसलेला सेनापती अथवा व्यासपीठावरून बोलणारा वक्ता हाच काय तो पुढारी, अशी समजूत शाळेतील इतिहासाच्या पुस्तकांनी आपल्या मनात लहानपणीच रुजविलेली असते. परंतु पुढारीपणाची कसोटी पुष्कळदा याहून फार लहान जागी लागते. खाणावळीच्या चुलीपुढे ती लागते, पापडाच्या पोळपाटावर लागते, वाण्याच्या उधारीच्या वहीत लागते. अशा जागी ज्या स्त्रियांनी उद्योग उभारिले व चालविले, त्यांच्यापासून पुढारीपणाचा कोणता धडा घेता येतो, याचा विचार येथे कर्तव्य आहे. त्याचा आरंभ कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी या गावापासून करणे सोयीचे होईल. कारण प्रश्नाचे स्वरूप तेथे जितके स्वच्छ दिसते, तितके ते अन्यत्र क्वचितच दिसेल.

हुपरी हे हातकणंगले तालुक्यातील गाव. पंचगंगेच्या या सुपीक मुलखात उसाला व तंबाखूला तोटा नाही. पण हुपरीचे नाव देशभर झाले ते चांदीच्या दागिन्यांमुळे. पैंजण, चाळ, जोडवी, कमरपट्टा असे नाना प्रकारचे दागिने येथे शंभराहून अधिक वर्षे घडत आले आहेत. हुपरीबरोबरच रेंदाळ, पट्टणकोडोली यांसारख्या शेजारच्या गावांतूनही हा धंदा पसरला आहे आणि येथे घडलेला पैंजण महाराष्ट्राबाहेरच्या दूरदूरच्या बाजारांत विकला जातो.

या धंद्याची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. चांदी आटवावयाची, तिची तार ओढावयाची, तारेच्या कड्या करावयाच्या, कडीत कडी गुंतवून साखळी जोडावयाची, डाग द्यावयाचा, घुंगरू बसवावयाचे आणि शेवटी उजाळा द्यावयाचा, अशी ही कामे आहेत. ती सारी एका छपराखाली होत नाहीत; घरोघर वाटलेली असतात. त्यांपैकी जोडणीचे व घुंगरांचे काम फार मोठ्या प्रमाणात बायकांच्या बोटांवर चालते. दुपारची भांडीकुंडी आवरली की उंबऱ्याशी उजेड पाहून बसावे आणि चिमट्याने कडीत कडी घालीत जावे, हा येथील अनेक घरांचा नित्यक्रम होय. माल घरी येतो तो वजन करून येतो आणि परत जातो तोही वजन करून जातो. मध्यंतरी जी घट येईल तिचा जाब द्यावा लागतो. काम उतरले म्हणजे ठरलेली मजुरी हाती पडते. चांदी दुसऱ्याची, नमुना दुसऱ्याचा, गिऱ्हाईकही दुसऱ्याचे. कारागीर बाईचे स्वतःचे असे काय, तर बोटांतले कसब.

या भेदाचे मोल किती, हे बाजाराच्या एका प्रसंगावरून कळेल. १९७९ सालच्या आरंभी जगाच्या बाजारात चांदीचा भाव औंसाला सहा-सात डॉलर होता. अमेरिकेतील हंट बंधूंनी चांदी गोळा करण्याचा सपाटा लाविला व १९८० च्या जानेवारीत हाच भाव पन्नास डॉलरांच्या जवळ पोहोचला. आणि २७ मार्च १९८० या एका दिवशी तो अकरा डॉलरांच्याही खाली कोसळला. अशा भरती-ओहोटीत ज्याच्या तिजोरीत चांदी आहे, त्याला तेजीत नफा व मंदीत तोटा होतो. तो जोखीम घेतो आणि तिचे फळही घेतो. जिच्या पदरी केवळ मजुरी आहे, तिला तेजीत वाटा नाही. उलट भाव भडकून गिऱ्हाईक थबकले की, काम मात्र तिचेच प्रथम थांबते. कसब आहे, कष्ट आहेत, प्रामाणिकपणा तर गुंजेगुंजेने तोलून घेतलेला आहे. मग कारागीर बाई उद्योगाची मालकीण का होत नाही? या प्रश्नाचे उत्तर हुपरीत बसून सापडणे कठीण. ते ज्यांनी ही वाट चालून पाहिली, त्या स्त्रियांच्या इतिहासात शोधावयास हवे.

हा शोध थोडा मागून घ्यावा. अहिल्याबाई होळकर (१७२५–१७९५) यांचे नाव घाटांशी, देवळांशी व धर्मशाळांशी जोडलेले सर्वांस माहीत आहे. परंतु त्यांनी महेश्वरास कोष्टी आणून वसविले व तेथील विणकामास आश्रय दिला, ही गोष्ट तितकी बोलली जात नाही. नर्मदाकाठची महेश्वरी साडी आजही त्या दूरदृष्टीची साक्ष देत आहे. मल्हारराव होळकर हयात असतानाच वसुलीची व लष्कराच्या सामग्रीची कामे सुनेवर टाकीत असत. पुढे १७६७ साली सारा कारभार बाईंच्या हाती आला, तेव्हा त्यांनी एक नियम कसोशीने पाळिला. राज्याची दौलत वेगळी आणि आपली खासगी वेगळी. देवधर्माचा खर्च खासगीतून, राज्याचा खर्च दौलतीतून. दोन थैल्यांची गाठ त्यांनी कधी एकत्र बांधली नाही. मोठमोठे सरदार जेथे घसरले, तेथे ही विधवा स्त्री अठ्ठावीस वर्षे पाय रोवून उभी राहिली, याचे एक कारण या दोन वेगळ्या वह्यांत आहे. जिच्या हिशेबाविषयी कोणास संशय नाही, तिच्या हुकुमाविषयीही सहसा कोणी संशय घेत नाही.

अहिल्याबाईंपाशी राज्य होते, हे खरे. सामान्य घरातील बायकांपाशी राज्य कोठून येणार? त्यांच्याकरिता दुसरे उदाहरण पाहावयास हवे, आणि ते मुंबईच्या गिरगावात सापडते. १५ मार्च १९५९ रोजी तेथील एका चाळवजा इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटावयास बसल्या. जवळ भांडवल म्हणून ऐंशी रुपये होते, आणि तेही छगनलाल पारेख या समाजसेवकाकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटे झाली. पहिल्याच वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून सुमारे चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी एक खाट व एक शेगडी विकत आणिली. खाटेवर पापड, खाली शेगडी, आणि काम चालू. 'लिज्जत' या नावाने पुढे घरोघर पोहोचलेल्या उद्योगाची ही सुरुवात होय. पहिल्या वर्षाची एकूण विक्री ६,१९६ रुपये होती. पुढे या संस्थेत हजारो स्त्रिया आल्या व व्यवहार कोट्यवधी रुपयांचा झाला. त्या सात जणींतील जसवंतीबेन पोपट यांस २०२१ साली पद्मश्रीचा मान मिळाला.

या कथेतील यशाचा आकडा मोठा आहे. पण शिकावयाचे ते आकड्यात नाही, आरंभीच्या तीन निश्चयांत आहे. पहिला निश्चय असा की, तोटा आला तरी कोणाकडे देणगी मागावयाची नाही. दुसरा मालाविषयीचा होता. आरंभी बायकांनी एक उंची व एक स्वस्तातला असे दोन प्रकारचे पापड करून पाहिले. छगनलालांनी सल्ला दिला की, हलका माल करूच नका. एकच प्रत ठेवा व ती कधी उतरू देऊ नका. बायकांनी तो सल्ला मानला. तिसरा निश्चय सर्वांत मोलाचा होय: जी पापड लाटील ती संस्थेची भागीदार. नफ्यात वाटा, तसाच तोट्यातही वाटा. कोणी मालकीण नाही व कोणी मोलकरीण नाही, साऱ्या बहिणी. पुरुषाला पगारी नोकर म्हणून काम मिळेल, पण सभासद होता येणार नाही.

येथे हुपरीची आठवण सहजच होते. सभासद वाढल्या, गच्ची पुरेना, तेव्हा लिज्जतने मळलेले पीठ तोलून बायकांना घरी नेण्यास दिले आणि लाटलेले पापड पुन्हा तोलून घेण्याची पद्धत घातली. म्हणजे माल वजन करून घरी जातो, वजन करून परत येतो, आणि बाई आपल्या उंबऱ्याआत बसून काम करते. बाहेरून पाहणाऱ्यास हुपरीचा पैंजण व गिरगावचा पापड यांच्या रीतीत काडीचाही फरक दिसणार नाही. फरक आहे तो तराजूच्या मागे कोण उभे आहे, यात आहे. एके ठिकाणी काट्यामागे दुसरा कोणी उभा आहे. दुसऱ्या ठिकाणी काट्यामागे आणि काट्यापुढे एकाच संस्थेच्या भागीदारणी आहेत. घरबसल्या कामात दोष नाही. हिशेब परक्या वहीत राहतो, दोष त्यात आहे.

परंतु स्वतःची वही घालावयाची म्हटले तरी पैसा हवा, आणि पैसा म्हटला की सावकार आला. या अडचणीतून वाट काढली ती मुंबईच्याच गिरणगावातील खाणावळवाल्या बायकांनी. कोकणातून व घाटावरून आलेला गिरणीकामगार बिऱ्हाड गावी ठेवून मुंबईस एकटा राहत असे. त्याला दोन वेळचे जेवण घालणारी खाणावळ बहुधा एखाद्या कामगाराचीच बायको किंवा विधवा चालवीत असे. दहा-वीस माणसांचा स्वयंपाक, तोही एका खोलीत. शिधा वाण्याकडून उधारीवर, जेवणाचे पैसे महिन्याच्या पगारावर. मध्यंतरीच्या उधारीवर व्याज चढे. घरातील सोन्याचा मणी गहाण पडे व भांडीही त्याच वाटेने जात. गिरणगावचा चरखा फिरे तो या बायकांनी थापलेल्या भाकरीवर. पण व्यापार-उद्योगाच्या कोणत्याही वहीत त्यांची नोंद नव्हती.

गोवामुक्तीच्या लढ्यात तावून निघालेल्या व कामगार चळवळीत वावरलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली या बायकांचे 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभे केले. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ साली झाले होते व गरिबांस कर्ज द्यावे असे सरकारी धोरण होते. परंतु जिच्या घरी तारण ठेवण्यास पातेल्याखेरीज काही नाही, तिला बँकेच्या पायरीवर कोण उभे करणार? प्रेमाताईंनी चौदा बायकांस बँक ऑफ बडोदाकडून प्रत्येकी १,५०० रुपयांचे कर्ज मिळवून दिले. कर्ज ज्या त्या बाईच्या स्वतःच्या नावे होते, नवऱ्याच्या वा मुलाच्या नावे नव्हते. तारण म्हणून त्यांनी एकमेकींस पुढे केले. बायकांचे लहान लहान गट करावयाचे, गटाने आपली एक प्रमुख निवडावयाची, आणि एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी तिच्या दारी जावयाचे, अशी ही रीत. दारी जाण्यात केवळ तगादा नव्हता; घरात आजार आहे काय, कामगारांचे पैसे थकले आहेत काय, याची विचारपूसही होती. ज्या चुलीला कोणी मोजत नव्हते, तिची पत या चौदा जणींनी सिद्ध करून दाखविली.

याच बायकांची खडतर परीक्षा १९८२ साली झाली. त्या वर्षी १८ जानेवारीस डॉक्टर दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप मिटला असे कधी जाहीर झालेच नाही. कामगार गावोगाव पांगले आणि खाणावळीचे गिऱ्हाईकच उरले नाही. धंद्याचा पायाच खचला असता पुढारीण काय करते, ते अशा वेळी दिसते. मंडळाने बायकांच्या हातचा स्वयंपाक कचेऱ्यांकडे व समारंभांकडे वळविला. गिऱ्हाईक गेले, पण पत व संघटना राहिली. म्हणून नवे गिऱ्हाईक शोधता आले. एकट्या-दुकट्या खाणावळवालीस हे साधणे फार कठीण गेले असते. प्रेमाताईंस २००२ साली पद्मश्री देण्यात आली, तो मान त्या साऱ्या चुलींचा होता असे म्हटले तर वावगे होणार नाही.

तिसरे उदाहरण सातारा जिल्ह्यातील आहे. माण तालुका हा पिढ्यानपिढ्यांचा दुष्काळी मुलूख. तेथील म्हसवड गावी रस्त्याकडेला पाल ठोकून शेतीची अवजारे घडविणारी एक लोहारीण होती. पावसाळ्यापूर्वी पालावर घालण्यास मेणकापड घ्यावे, म्हणून तिला रोज थोडे थोडे पैसे साठवावयाचे होते. इतकी क्षुल्लक रक्कम ठेवून घेण्यास एकही बँक तयार होईना. तिने कर्ज मागितले नव्हते. स्वतःचाच पैसा सुरक्षित राहावा, एवढेच मागितले होते. ही हकीकत चेतना गाला-सिन्हा या कार्यकर्त्या बाईंच्या कानी आली व त्यांनी बायकांचीच बँक काढावयाचे ठरविले. १९९६ साली परवान्यासाठी अर्ज गेला, आणि रिझर्व्ह बँकेने तो नाकारला. कारण असे की, बँक काढू पाहणाऱ्या बायकांपैकी कित्येक निरक्षर होत्या. कागदावर सहीच्या जागी अंगठे होते.

यावर रडून स्वस्थ बसणे सोपे होते. त्या बायकांनी दिवसभराचे कष्ट संपवून रात्री अक्षरे गिरविली आणि काही महिन्यांनी त्या पुन्हा रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या. आमच्या लहानपणी गावात शाळा नव्हती, हा आमचा दोष नव्हे, असे त्यांनी सांगितले; आणि पुढे आव्हान दिले की, कोणत्याही रकमेचे व्याज आम्हास विचारा, तुमच्या अधिकाऱ्यांसही यंत्रावाचून तेच करण्यास सांगा, व कोण आधी सांगते ते पाहा. परवाना मिळाला आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. रोजंदारीवरील बाई कामाचा दिवस मोडून बँकेत येऊ शकत नाही, हे पाहून बँकच तिच्या दारी व बाजारात जाऊ लागली. पुढे यंत्रयुग आले व खात्यास गुप्त आकडा देण्याचा प्रस्ताव निघाला, तेव्हा बायकांनीच हरकत घेतली. आकडा कोणीही विचारून घेईल. अंगठा कोणी चोरून नेणार नाही, म्हणून आमच्या खात्यास अंगठ्याचीच खूण हवी, असे त्या म्हणाल्या. ज्या अंगठ्यापायी परवाना नाकारला गेला होता, त्याच अंगठ्याने त्यांच्या पैशाला कुलूप लाविले.

आता ही उदाहरणे एकत्र ठेवून पाहावी. महेश्वरची राणी, गिरगावच्या गृहिणी, गिरणगावच्या खाणावळवाल्या आणि माणदेशातील मजूर बायका यांच्यात जात, भाषा, संपत्ती, विद्या यांपैकी एकही गोष्ट समान नाही. समान आहे ती एकच: प्रत्येकीने हिशेब स्वतःच्या हाती घेतला व तो दुसऱ्यांस पाहण्याजोगा ठेविला. नुसता हिशेब हाती घेणारा माणूस सावकारही होऊ शकतो. तो चारचौघींपुढे उघडा मांडते, तिच्यामागे माणसे आपण होऊन येतात. शब्दांच्या आतषबाजीने जमलेली सभा दिवे विझताच पांगते. वहीवर जमलेली सभा दर महिन्याला पुन्हा भरते. पुढारीपणाचा हा प्रकार दिसण्यात साधा आहे, पण टिकाऊ आहे.

हा धडा हुपरीस कितपत लागू पडेल? एक अडचण प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. पापड बिघडला तर दोन-चार पैशांचे नुकसान; चांदी बिघडली किंवा हरवली तर वर्षाची कमाई बुडते. उडदाचे पीठ ऐंशी रुपयांत पुष्कळ येत होते. ऐंशी रुपयांत चांदी किती येणार? शिवाय दागिन्याच्या धंद्यात टंच हा प्राण आहे. एकदा टंचाविषयी शंका आली की गाव बदनाम होते. म्हणून गिरगावची रीत जशीच्या तशी हुपरीत उतरविणे शहाणपणाचे नव्हे.

तथापि पहिली पायरी चांदीची नाहीच. ती वहीची आहे. किती वजन आले, किती गेले, घट किती पडली, किती दिवस गेले व मजुरी काय मिळाली, हे बाईने आपल्या हाताने एका वहीत उतरवावे. मग शेजारच्या दहा जणींनी आपल्या दहा वह्या एकत्र मांडून पाहाव्या. एकाच कामास एकीला एक दर व दुसरीला दुसरा मिळत असेल, तर तो तेथल्या तेथे दिसेल. दहा जणींनी मिळून काम घेतले, तर दर ठरविताना त्यांचे म्हणणे ऐकावे लागेल. त्यांनी दरमहा थोडी थोडी शिल्लक ठेविली, तर बँक त्यांस उभी करील. कारण बचत गटांस बँकेशी जोडण्याची योजना देशात १९९२ सालीच सुरू झाली आणि महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ तर १९७५ पासून आहे. स्वतःची चांदी ही या वाटेवरची शेवटची पायरी होय, पहिली नव्हे.

आणि हिशेब हुपरीच्या बाईस शिकवावा लागेल, असेही नाही. गुंजभर घट कोठे पडली हे जिला मालाकडे पाहून कळते, तिला व्याज कळणार नाही असे कोण म्हणेल? माणदेशातील बायकांस व्याज तोंडी येत होते. पण त्यांना विचारणारा कोणी नव्हता, म्हणून त्या अडाणी ठरल्या होत्या. हुपरीचीही गत फारशी निराळी नाही. विद्या घरात आहे. ती कागदावर उतरावयाची राहिली आहे.

शहरातील सुशिक्षित कुटुंबांसही यात एक कर्तव्य आहे. बारशाला, मंगळागौरीला किंवा लेकीच्या लग्नाला आपण पैंजण घेतो, तेव्हा वजन व भाव विचारतो. तेवढ्यावर न थांबता ही जोडणी कोणी केली व तिला मजुरी काय पडली, हेही एकदा दुकानदारास विचारून पाहावे. दुकानदारास उत्तर ठाऊक नसेल. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारले, तर अकराव्यासाठी तो ते शोधून ठेवील.